खिडकी क्रमांक दोन

"अहो मॅडम, हा तर चमत्कारच झाला म्हणायचा!"

उपप्राचार्य सोळुंके सरांनी फरहानाच्या टेबलावर यादी पसरली आणि एका मोबाइल नंबरवर पेनाचं टोपण टेकवलं. "हा नंबर बघा. तोच इथं. पुढच्या पानावर पुन्हा तोच. त्रेसष्ट पोरींचा नंबर एकच!"

फरहानाला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तो नंबर हरिओमचा होता. बसस्टँडसमोर त्याचं ऑनलाइन सेंटर होतं आणि धावड्यापासून हसनाबादपर्यंतच्या पोरी कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज त्याच्याकडेच भरायच्या. अर्जाला ओटीपी लागायचा. पोरीचा फोन म्हणजे बापाचा किंवा भावाचा फोन, आणि फोन त्याच्या खिशात, तो स्वतः शेतात. किती वेळ वाट बघायची? म्हणून हरिओमने सरळ स्वतःचा नंबर टाकायची पद्धत पाडली. अर्ज एका बैठकीत व्हायचा, पोरी खूश, हरिओमही खूश. पुढे परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे, निकालाचे सगळे मेसेज त्याच्याच फोनवर यायचे. तालुक्यातल्या कितीतरी पोरी एम.ए., एम.एस्सी. पास झाल्याचं त्यांच्या घरच्यांच्या आधी हरिओमला कळलं होतं.

विद्यापीठाने यंदा पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं अनुभव सर्वेक्षण काढलं होतं. वीस प्रश्न, प्रत्येकाला 'अतिशय असमाधानी'पासून 'अतिशय समाधानी'पर्यंत पाच पर्याय, आणि शेवटी मनातलं लिहायला एक रिकामी चौकट. कॉलेजच्या पदव्युत्तर केंद्रात दोनशे चौदा विद्यार्थी होते. त्यातल्या ऐंशी टक्क्यांनी पाच एप्रिलपर्यंत फॉर्म भरला नाही तर केंद्राच्या मान्यतेची फाइल अडकणार होती. दोन आठवडे नोटीस फलकावर लटकून होती आणि फॉर्म भरले होते बावीस जणांनी.

"तुम्ही असं करा," सर म्हणाले. "हरिओमला फोन लावायचा, तो ओटीपी सांगील, तुम्ही फॉर्म भरायचा. त्रेसष्ट तर असेच झाले. बाकीच्यांना फोन करून ओटीपी विचारून घ्या. सगळीकडं 'अतिशय समाधानी'. मधूनमधून एखादं नुसतं 'समाधानी' टाका, म्हणजे खरं वाटंल."

"आणि शेवटची चौकट?"

"ती कोरी ठेवा. कोरी चालती."

सर खुशीतच गेले. फरहानाने यादी पुढे ओढली. गेली एकोणीस वर्षं ती याच टेबलावर होती. खिडकी क्रमांक दोन, विद्यार्थी विभाग. नोकरी कंत्राटी. दर एकतीस मार्चला तिची ऑर्डर संपायची, एक दिवस घरी बसायचं आणि दोन एप्रिलला नवी ऑर्डर घेऊन पुन्हा त्याच खुर्चीवर. बोनाफाइड, टीसी, हॉलतिकीट, नावातली चूक, जन्मतारखेतली चूक, सगळं याच खिडकीतून. खिडकीला बारीक जाळी होती आणि खाली कागद सरकवायला एक फट. त्या फटीतून तिने हजारो हात पाहिले होते. चेहरे जाळीतून नीट दिसत नसत, पण हात ओळखीचे झाले होते. काम चोख, जीभ मात्र तिखट. "मोठ्यानं बोल!" हे तिचं वाक्य पोरं कट्ट्यावर बसून तिच्याच आवाजात म्हणून दाखवायची, आणि ते तिला ठाऊक होतं.

यादीत एकशे सत्त्याऐंशी क्रमांकाला एक नाव होतं. शेख फरहाना बदरोद्दीन, एम.ए. द्वितीय वर्ष, मराठी. वय वर्षं एकेचाळीस. प्राचार्यांची परवानगी काढून तिने दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतला होता. डबा खिडकीतच उरकायचा आणि जेवणाच्या सुट्टीत दीडच्या तासाला जाऊन पोरांच्या मागच्या बाकावर बसायचं. बाकीचे तास वह्या मागून भरून काढायचे. आणि तिच्या नावापुढे नंबर होता, तोही हरिओमचाच! प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातलं सर्व्हर बंद पडलं होतं, म्हणून तीही सेंटरवर गेली होती. त्रेसष्ट पोरींना मनातल्या मनात बावळट म्हणताना ती स्वतःला मोजायची विसरली होती.

तिने हरिओमला फोन लावला. त्याने ओटीपी सांगितला. पहिलं नाव उघडलं ते दैवशाला पुंजाराम सोनुने, धावडा, एम.एस्सी. रसायनशास्त्र, द्वितीय वर्ष. पहिलाच प्रश्न होता, 'प्रात्यक्षिकांसाठी मिळणारा वेळ व सुविधा यांबाबत आपण किती समाधानी आहात?'

फरहानाचा माउसवरचा हात थांबला. महिन्यापूर्वी हीच दैवशाला अॅप्रन न काढताच खिडकीवर आली होती. हजेरी कमी भरल्याची नोटीस तिच्या हातात होती. "मॅडम, प्रॅक्टिकल तीनला सुरू व्हतं, पाचला सुटतं. माझी शेवटची गाडी साडेचारला. मंग मी काय करू, सांगा!" फरहानाने तेव्हा काय सांगितलं होतं? अर्ज दे. दैवशालाने अर्ज दिला होता. तो कुठल्या फाइलीत कितव्या पानावर आहे हेही फरहानाला माहीत होतं, कारण तिथे तो तिनेच लावला होता. त्याच्यापुढे तो कुठेही गेला नव्हता.

'अतिशय समाधानी'च्या गोलावर बाण नुसता थांबून राहिला. दहा मिनिटं झाली आणि पडद्यावर अक्षरं आली, आपली वेळ संपली आहे.

फरहाना उठली आणि सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हे मला जमनार न्हाई."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "काय जमत न्हाई? ओटीपी येत न्हाई का?"

"ओटीपी येऊन राह्यलाय. पन त्यांचा अनुभव मी कसा लिहू? प्रॅक्टिकल सोडून गाडीमागं पळते ती, आणि 'अतिशय समाधानी' लिहायचं मी?"

सोळुंके सर काही राक्षस नव्हते. हे केंद्र तालुक्याच्या गावी यावं म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, खरं लिहायला लावाल आणि पोरी खराब लिहितील. न्हाई लिहायला लावलं तर आकडा भरणार न्हाई. दोन्हीकडून केंद्र जाईल. मंग ह्या पोरींना संभाजीनगरला कोण पाठवनारे? त्यांचे बाप? घरी बसतील सगळ्या. तेवढा तरी विचार करा."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच फरहानाला जास्त राग आला.

"आकडा मी भरून देते, सर. पन ज्याचा फॉर्म त्यानं भरायचा. नंबर दुरुस्तीचे अर्ज माझ्या खिडकीवर येतात. सगळ्यांना बोलावते, नंबर बदलून देते, पाच तारखेच्या आत."

"आणि न्हाई आल्या तर?"

"येतील."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मार्चअखेर आलाय, मॅडम. तुमची नवी ऑर्डर माझ्या टेबलावरून वर जाते. मी काही म्हणत न्हाई. फक्त आठवण करून दिली."

"मला आठवण आहे, सर," फरहाना म्हणाली. "एकोणीस वर्षांपासून आहे."

असं बोलायची तिला सवय नव्हती. बाहेर आल्यावर ती माठाजवळ उभी राहून दोन पेले पाणी प्यायली. तिसरा पेला भरला आणि तसाच ठेवून दिला. मग थेट हरिओमचं सेंटर गाठलं.

हरिओम आधी रुसला. "मॅडम, मी काय वाईट केलं? पोरींकडं फोनच न्हवते. मी न्हाई केलं असतं तर निम्म्या पोरी बारावीवरच ऱ्हायल्या असत्या."

"तू चांगलंच केलं, बाबा. पन आता तुझ्या फोनमधून त्यांना बाहेर काढू दे."

हरिओमने डोकं खाजवलं आणि ड्रॉवरमधून एक जुनी वही काढली. कुठली पोरगी कुठल्या गावची, बापाचं दुकान कुठं, सासर कुठं, सगळं त्याने लिहून ठेवलं होतं. ती वही घेऊन फरहाना संध्याकाळी घरी आली आणि फोनला बसली. दुसऱ्या दिवशी खिडकीतूनही तेच.

धावड्याला फोन लागला तो दैवशालाच्या सासूने, गिरिजाबाईने उचलला.

"कोन बोलतंय?"

"कॉलेजातून बोलून राह्यले, मावशी. दैवशालाचा नंबर पाह्यजे."

"तिला कशाला येगळा नंबर? घरात योकच फोन हाय. हाच."

"मंग हाच लिहून घेते. पन अर्जावर तिची सही लागती, तिला खिडकीवर पाठवा. आणि मेसेज आला का फोन तिच्या हातात द्यायचा. दहा मिनिटं."

"काय करनारे ती दहा मिनिटात?"

"कॉलेजात तिला काय तरास होतो ते लिहायचंय. विद्यापीठानं विचारलंय."

मागे कुणीतरी शेळीवर ओरडलं. मग गिरिजाबाई म्हणाली, "मंग दहा मिनिटं कमी पडतील की वो."

सगळ्या इतक्या सोप्या नव्हत्या. एका बापाने "तुमी कोन इचारनार?" म्हणून फोन आपटला. फरहानाने त्याला पुन्हा लावला, आणि पुन्हा. चौथ्यांदा त्याने स्वतःच पोरीला फोन दिला, नुसता कटकट मिटावी म्हणून. कुणी म्हणाली, परीक्षा झाली का मी चाललेच, आता कशाला? कुणी म्हणाली, उगी नाव खराब व्हायला नको. फरहाना सगळ्यांना एकच सांगायची, ये, सही कर, फॉर्म तुझा तू भर.

बाजाराच्या दिवशी खिडकीसमोर रांग लागली. बाजाराला म्हणून निघालं की घरात कुणी फार विचारत नाही, हे फरहानाला ठाऊक होतं आणि तोच दिवस तिने मुद्दाम दिला होता. फटीतून एकेक अर्ज आत सरकत होता. मेंदीचे हात, शेणाचा वास असलेले हात, बोटाला शाई लागलेला हात. फरहाना नंबर बदलायची, शिक्का मारायची आणि म्हणायची, "आता मेसेज तुझ्याकडंच येईल. जल्दी भर, लांबवू नको."

अॅप्रन घातलेली दैवशाला फटीशी वाकली. "मॅडम, आपल्या लिहिण्यानं गाडी थांबनारे का?"

"थांबंलच असं न्हाई."

"मंग?"

"मंग काय? तुझ्या नावानं मी 'समाधानी' लिहिलं असतं तर उद्या तू कुनाला सांगणार, माझी गाडी चुकती म्हणून? कागद दाखवला असता त्यांनी. हे बघ, तूच समाधानी होती."

दैवशाला हसली नाही. तिने सही केली, पूर्ण नावाची, ठसठशीत.

तिच्या मागे कहकशा होती, इंग्रजीची, मोठी धीट पोरगी. पण तीही हळूच विचारू लागली, "आपा, खरं लिहिलं तर सरांना नाव कळंल का? इंटरनलचे मार्क त्यांच्याच हातात हायेत."

"फॉर्मवर नाव गुप्त राहील असं लिहिलंय," फरहाना म्हणाली. "खरंच राहतं का, मला ठाऊक न्हाई. मी खोटी हमी देणार न्हाई."

कहकशाने तिच्याकडे जाळीतून बघितलं. "मंग तुम्ही काय लिहायला सांगता?"

"काहीच न्हाई. समाधानी असशील तर बिनधास्त समाधानी लिही. मी फक्त एवढंच म्हणते, का तू लिही."

त्या दिवशी अठ्ठेचाळीस अर्ज आले. पुढच्या दोन दिवसांत अकरा. हरिओमच्या वहीतली फक्त तीन नावं राहिली, एक पुण्याला कामाला गेलेली, एक बाळंतपणाला माहेरी, एकीचा पत्ताच लागला नाही. पोरींचं बघून मुलांनीही फॉर्म भरायला सुरुवात केली, आपण मागे कसं राहायचं म्हणून. आकडा रोज वर चढत होता.

चौथं नाव फरहानाचंच होतं. एकतीस मार्चला संध्याकाळी तिने स्वतःचा दुरुस्ती अर्ज लिहिला आणि मग हातातच धरून बसली. मंजुरीचं बटण तिच्याच लॉगिनमध्ये होतं. एक बोट दाबायचं, बस्स. पण स्वतःचा अर्ज स्वतःच मंजूर करायचा नाही, हा नियम तिने एकोणीस वर्षं पाळला होता, आणि इतक्या लोकांना इतका उपदेश केल्यावर तो मोडायची तिला लाज वाटली. दोन तारखेला मुख्य लिपिकाकडून करून घेऊ, असं ठरवून तिने अर्ज पर्समध्ये ठेवला.

दोन तारखेला ऑर्डर आली नाही.

"वरून मंजुरी न्हाई आली," मुख्य लिपिक टेबलाकडे बघत म्हणाला. "यंदा एजन्सीकडून माणूस घेतलाय." खिडकी क्रमांक दोनच्या खुर्चीवर मोनाली नावाची विशीतली मुलगी बसली होती आणि शिक्का उलटा धरून शाई शोधत होती. फरहानाने ड्रॉवरमधला आपला डबा, कंगवा आणि सुईदोऱ्याची डबी काढून घेतली. शाईचं पॅड कुठे आहे ते मोनालीला दाखवलं. भांडायचं तिच्या मनात खूप होतं, पण त्या पोरीशी भांडून काय मिळणार होतं?

घरी अम्मी, सरदारबी, तांदूळ निवडत बसली होती. तिने डबा बघितला आणि तिला कळलं.

"ऑर्डर नै आई?"

"नै आई, अम्मी."

"सर से माफी मांग ले तो?"

"किस बात की?"

सरदारबीने एक खडा काढून दूर टाकला. "वईच मैं पूछ रई थी. पछता रई क्या?"

"नै," फरहाना म्हणाली आणि मग भिंतीकडे तोंड करून पोटभर रडली. सरदारबीने तिला रडू दिलं. मध्येच उठून चहा ठेवला आणि म्हणाली, "कॉलेज का नाम तो नै कटा ना तेरा?"

फरहानाने डोळे पुसले. नाव कटलं नव्हतं. नाव कसं कटेल? फी भरलेली होती, प्राचार्यांची परवानगी होती.

पाच एप्रिलला, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, बाराच्या सुमारास फरहाना कॉलेजात आली. खांद्यावर वह्यांची पिशवी, हातात घडी पडलेला अर्ज. खिडकी क्रमांक दोनसमोर सात-आठ जण उभे होते. ती त्यांच्या मागे उभी राहिली. पोरं चपापली. "मॅडम, तुम्ही पुढं व्हा ना!"

"राहू द्या. लायनीतच बरं आहे."

ऊन मी म्हणत होतं. खिडकीवरचा पत्रा हातभर होता आणि त्याची सावली भिंतीच्या पायथ्याशीच संपत होती. रांगेवर सगळं ऊन. फरहानाने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. फरशी चपलेतून तापत होती. एकोणीस वर्षं इथे पोरं अशी उभी होती, आणि आतून पंख्याखाली बसून ती ओरडत होती, घाई कसली झालीये रे तुम्हाला?

सोळुंके सर व्हरांड्यातून येत होते. तिला बघून थबकले, मग जवळ आले.

"मॅडम, तुम्ही इथं? एकशे एक्क्याऐंशी झाले काल. आकडा भरला, केंद्राचं काम झालं." ते रांगेकडे बघत म्हणाले, "उन्हात कशाला? आत या, खुर्चीवर बसा. मी सांगतो मोनालीला."

"न्हाई सर. माझा फॉर्म राह्यलाय."

"अहो, आता एका फॉर्मनं काय..."

"विद्यार्थी आहे मी, सर," फरहाना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण रांगेतल्या शेवटच्या पोराला ऐकू गेला. "एकशे सत्त्याऐंशी नंबर. आज शेवटची तारीख आहे."

सर निघून गेले.

तिचा नंबर आला. तिने अर्ज फटीतून आत सरकवला. जाळीतून मोनालीचा चेहरा अंधूक दिसला. फट फारच खाली होती. बोलायचं तर कमरेत वाकावं लागत होतं.

"नाव काय?" आतून आवाज आला.

"शेख फरहाना बदरोद्दीन."

"मोठ्यानं बोला!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. फरहाना आणखी वाकली, तोंड फटीशी नेलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शेख फरहाना बदरोद्दीन. एम.ए. द्वितीय वर्ष. मराठी."

शिक्का पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नंबरवर, ओटीपी आला. पुढच्या माणसाला जागा देऊन ती बाजूला सरकली, पण उन्हातच उभी राहिली. वीस प्रश्न तिने नीट वाचून भरले. शिकवण्याबद्दल तिने 'अतिशय समाधानी' लिहिलं, कारण दीडचा तास तिला खरोखर आवडायचा. मग ती रिकामी चौकट आली. तिथे तिने लिहिलं:

'खिडकी क्रमांक दोनसमोर सावली नाही. फट खाली आहे, बोलायला वाकावं लागतं. आत बसणाऱ्याला हे दिसत नाही. एकोणीस वर्षं आत मी बसत होते.'

तिने ते एकदा वाचलं. एकही शब्द न बदलता पाठवलं. मग फोन पर्समध्ये टाकला, पिशवी खांद्यावर घेतली आणि दीडच्या तासाला वर्गाकडे निघाली.